आक्काच्या वाटणीचं खरबूज

आमच्या गल्लीत त्याला हुंग्या म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही. तोंडावर मी भाऊ म्हणते, पोरं हुंगेकाका म्हणतात, आणि बेकरीवाला नुसतं नाक वर करून हवा ओढतो की सगळ्यांना कळतं, कोणाबद्दल बोलणं चाललंय. त्याचं फळांचं दुकान आणि माझं शिवणकामाचं दुकान यांच्यात एकच भिंत आहे, आणि तीही एवढी पातळ की तो शिंकला की मी इकडे सुई थांबवते. तेव्हा या माणसाबद्दल मी जे सांगतेय ते ऐकीव नाही.

कुठलंही फळ हातात आलं की तो आधी नाकाला लावतो. त्यातही त्याचा सगळा जीव एका फळावर, ते म्हणजे हनीड्यू. बाहेरून फिकट पिवळं, आतून हिरवट. साध्या खरबुजाच्या अंगावर जाळी असते, याच्या अंगावर काहीच नाही, म्हणून गल्लीत त्याचं नाव टकलं खरबूज. गिऱ्हाइकं ते बोटांनी वाजवून बघायला लागली की हुंग्या त्यांच्या हातातून काढून घेतो. "वाजवायचं ते कलिंगड. हे हुंगायचं," म्हणतो, आणि देठाच्या उलट्या टोकाला नाक लावून डोळे मिटतो. मग सालीवरून अंगठा फिरवतो. साल काचेसारखी सटकली तर कच्चं, अंगठा जरासा चिकटला तर तयार. माणूस गिऱ्हाईक सोडून देईल, पण हा विधी सोडणार नाही.

हे त्याला शिकवलं आक्कानं. आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आईबाप गेले तेव्हा हा पाळण्यातून नुकता उतरलेला. आक्कानं फळांची हातगाडी धरली, याला गाडीखालच्या फळीवर निजवलं आणि वर माल विकला. स्वतःच्या लग्नाचं तिनं कधी मनावर घेतलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायची, "एक कार्टं आहे की पदरात, आणखी कशाला?" पुढे गाडीचं दुकान झालं, हुंग्याचं लग्न झालं, आणि आक्का दुकानावरच्या खोलीत राहायला आली. खाली गिऱ्हाइकाशी घासाघीस चालली की वरच्या खिडकीतून तिचा आवाज यायचा, "धाकट्या, ते नको देऊस, बुडाला मऊ पडलंय!" सारी गल्ली हसायची आणि हुंग्या मुकाट्यानं फळ बदलून द्यायचा.

फळ निवडायचं आक्कानं शिकवलं, पण विकायचं कसं ते हा आपल्या आपण शिकला. कुणा रसाच्या कंपनीच्या माणसानं दुकानात एक चित्रांची पाटी लावली होती, कोणत्या फळात काय असतं त्याची. हुंग्यानं ती तोंडपाठ केली आणि सकाळपासून आरोळी सुरू. "टकलं घ्या, टकलं! नव्वद टक्के पाणी, पोटाला हलकं! क जीवनसत्त्व, फोलेट, पोटॅशियम! ब्लडप्रेशरवाल्यांनी घ्या, बाळंतिणींनी घ्या!" पोटॅशियम या शब्दावर तो असा काही जोर द्यायचा, की वाटावं ते त्यानं स्वतः कारखान्यात तयार केलंय. पोटॅशियम म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. पण त्यात खोटं काही नव्हतं. ज्याची प्रकृती धडधाकट आहे त्याला ते फळ चांगलंच.

मग आक्काच्या किडन्या गेल्या.

एक दिवसाआड तिला डायलिसिसला न्यावं लागायचं. मीठ कमी, पाणी मोजकं. डॉक्टर बोलता बोलता म्हणाले, केळी आणि नारळपाणी बंद, आणि बाकीचं आहाराच्या बाई समजावतील. त्या बाईंकडे हुंग्या एकटाच गेला, आणि परत येऊन माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून त्यानं मला तो किस्सा मोठ्या ऐटीत ऐकवला होता. मुलगी तरुण होती. भात, डाळ, भाज्या सगळं नीट सांगून झालं. मग म्हणाली, "आता फळांचं बघू." हा हसला. म्हणाला, "बाई, फळांचं मला सांगू नका. सगळा जन्म फळांत गेलाय. पुढचं बोला." बिचारी पुढचं बोलली.

"तोंडात बोट घालून बघत राहिली, ताई," मला म्हणाला. मीही हसले. उगाच का खोटं बोलू, तेव्हा हसूच आलं.

घरी केळ्याचा घड दिसला तरी हा भुवया चढवायचा. नारळवाल्याला त्यानं गल्लीतून हुसकावलं. पण आक्काला तहान फार लागायची. पाण्याचा पेला तिच्यासमोर असायचा, आणि ती त्याच्याकडे बघत नुसते ओठ ओले करायची. हुंग्याला ते बघवत नसे. आणि त्याच्या डोक्यात आलं, पाणी बंद आहे, फळ कुठे बंद आहे? पाणीच ते, पण गोड, आणि हलकं. नव्वद टक्के पाणी हे तर तो दिवसभर ओरडतच होता.

त्या दिवसापासून सकाळी माल उतरला की सगळ्यांत वासाचं जे टकलं असेल ते गल्ल्याखाली फडक्यात गुंडाळून ठेवलेलं असायचं. कितीही भाव येवो, ते विकायचं नाही. ती आक्काची वाटणी. दुपारी त्याची बायको, म्हणजे वहिनी, बेकरीत गल्ल्यावर बसायला गेली की हा बशीत फोडी घेऊन माझ्या मागच्या दारावरून जिना चढायचा. वहिनीच्या नजरेआड एवढ्यासाठीच, की ती म्हणाली असती, यातही पाणीच आहे. मला तो झाकलेली बशी दाखवून डोळा मारायचा, आत कसल्या फोडी आहेत ते मी कधी विचारलं नाही. वरून आक्काचं हसणं ऐकू यायचं. थंडगार फोड तोंडात धरून ती बराच वेळ गप्प बसते, असं तो सांगायचा, आणि सांगताना त्याचाच चेहरा पोट भरल्यासारखा दिसायचा.

एका सकाळी आक्का पलंगावरून उठायला गेली आणि पाय उचलेनात. हातात जोर नाही, जीभ जड. वहिनीनं किंचाळून हाक मारली. मी मशीन तशीच टाकून वर धावले. टॅक्सीत आक्काचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तिची नाडी एवढी सावकाश लागत होती, की दोन ठोक्यांच्या मध्ये मला घाम फुटायचा. हुंग्या पुढे बसून ड्रायव्हरला सारखा "चला, चला" म्हणत होता.

दवाखान्यात तिला लगेच आत घेतलं. डॉक्टर बाहेर आले ते घाईत. "रक्तात पोटॅशियम फार वाढलंय. काळजाचे ठोके त्यानंच मंदावलेत. काय खाल्लं त्यांनी?"

हुंग्या भिंतीला टेकून उभा होता. तो शब्द ऐकला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दिवसभर घसा फोडून विकलेला शब्द आता डॉक्टरांच्या तोंडून येत होता, विषाच्या नावासारखा. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटलं बहिणीच्या काळजीनं असा पांढरा पडलाय.

आक्का वाचली. तातडीनं डायलिसिस केलं, संध्याकाळपर्यंत तिची बोटं हलायला लागली. मग डॉक्टरांनी खाटेशी उभं राहून पुन्हा तोच प्रश्न विचारला. फळं काय काय दिली?

आक्काचा आवाज अजून खोल गेलेला होता, पण उत्तर तिनंच दिलं. "फळांचं माझा भाऊ बघतो. त्याला सगळं कळतं."

डॉक्टरांनी हुंग्याकडे बघितलं. हुंग्या म्हणाला, "सफरचंद. दोन फोडी देतो."

तेवढ्यात वहिनीला काहीतरी आठवलं. आदल्या आठवड्यात चादर बदलताना आक्काच्या उशीखाली तिला एक खजूर सापडला होता. बघायला आलेल्या कुणीतरी दिलेल्यांतला, आक्कानं जपून ठेवलेला. वहिनी वाईट नाही हो, पण ती घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाची जीभ सुटते. "चोरून खातात या! उशीखाली लपवून ठेवतात! आम्ही इकडे जिवाचं रान करायचं आणि यांनी चोरासारखं खायचं!" नर्स, डॉक्टर, शेजारच्या खाटेवरची माणसं, सगळी बघत होती. आक्कानं डोळे खाली घातले. "एक खाल्ला होता," म्हणाली. "चुकलं माझं."

डॉक्टरांनीही तिला दोन शब्द सुनावले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे, पण तेव्हा मला काय माहीत? मीही मनात म्हटलं, या वयात कसली ही जिभेची हाव. आणि हुंग्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहून लोखंडी दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरून होता. एक शब्द बोलला नाही.

दुसऱ्या दिवसापासून गल्ल्याखालचं फडकं रिकामं. आरोळी बंद. पाटी काढून त्यानं भिंतीकडे तोंड करून ठेवली. गिऱ्हाइकानं टकलं मागितलं की मुकाट्यानं काढून द्यायचा, हुंगायचाही नाही. बेकरीवाला म्हणाला, "याला सर्दी झालीय का?" बाकी त्याचं सगळं तसंच चाललं होतं, पण खाई त्याला खवखवे. आक्काच्या खोलीत तो जायचा तो दारातूनच परतायचा.

आणि वर आक्का वेगळाच अर्थ लावून बसली होती. धाकटा आता बशी घेऊन येत नाही, शेजारी बसत नाही, डोळ्याला डोळा देत नाही. म्हणजे खजुराचा राग गेला नाही. मग तिनं जेवणच आखडतं घेतलं. आज डाळ नको, उद्या भात नको. आहाराच्या बाईंनी जे खायलाच हवं म्हणून सांगितलं होतं तेही ताटात तसंच. वहिनी आता विनवण्या करायची. "आक्का, एवढा घास घ्या हो." आक्का म्हणायची, "नको गं. पुन्हा काही झालं तर माझ्यामुळे तुम्हाला त्रास."

तिचे गाऊन मी शिवते. दवाखान्यातून आल्यावर एकदा मी ते दोन्ही बाजूंनी आत घेतले. मग परत घेतले. तिसऱ्यांदा वहिनी तोच निळा गाऊन घेऊन आली, तेव्हा मी तो उलटा करून बघितला. आत घ्यायला आता जागाच नव्हती, शिवणीवर शिवण चढली होती. शिंपिणीला कोणी वजनकाटा दाखवायची गरज नाही. मी गाऊन उचलला आणि तडक हुंग्याच्या दुकानात गेले.

"भाऊ, हे बघा. तुमची बहीण संपत चाललीय. एका खजुराची शिक्षा किती दिवस देणार आहात तिला? वर जा, दोन गोड शब्द बोला."

त्यानं गाऊन हातात घेतला. शिवणींवरून अंगठा फिरवला, फळाच्या सालीवरून फिरवतो तसा. मग खाली, सफरचंदांच्या खोक्यावर बसला.

"ताई, खजूर नव्हता," म्हणाला.

मला कळेना. मग त्यानं सांगितलं, तोंड दोन्ही हातांत धरून. बशी, तिच्यातल्या टकल्याच्या फोडी, त्या मुलीला बोलू न दिलेलं, डॉक्टरांसमोरचं सफरचंद. "रोज देत होतो. स्वतःच्या हातानं. वर तिलाच चोर ठरवू दिलं."

मी दयाळू बाई नाही. मला त्याची कीव आली, पण राग त्याहून जास्त आला. "मला काय सांगताय? मी देव लागून गेले का माफ करायला?" मी म्हटलं. "ज्या बाईनं तुम्हाला वाढवलं ती तुमच्या पापाच्या नावानं उपाशी मरतेय. आत्ताच्या आत्ता वर चला. नाही तर मी जाऊन सांगते."

जिना तो असा चढला, की जणू पायांतला जोर आता त्याचा गेलाय. वहिनी आक्काला ताट देत होती आणि आक्का हातानं ते मागे सारत होती. हुंग्या दाराशीच थांबला.

"आक्का, खजुरानं काही झालं नव्हतं. खरबुजानं झालं. ते मीच देत होतो. मला तिथेच कळलं होतं, दवाखान्यात, आणि मी गप्प बसलो."

वहिनीच्या हातातलं ताट वाकडं झालं. आक्कानं विचारलं, "माझ्या तहानेसाठी दिलंस ना?"

"हो."

"मग त्याचं काही नाही. खरबुजानं मी मेले असते तरी तुला बोल लावला नसता. तुला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. सफरचंद म्हणालास, तेव्हा वाटलं बायकोपासून बशी लपवतोयस." तिनं उशीला टेकून श्वास घेतला. "पण तुझी बायको मला सगळ्यांदेखत चोर म्हणाली, तेव्हा तू माझ्या पायाशी उभा होतास. गाडी लावायचे मी, तेव्हा लोक वाटेल ते बोलायचे. पण चोर कोणी म्हटलं नव्हतं. ते तू म्हणू दिलंस."

हुंग्या रडायला लागला. आक्कानं त्याच्याकडे बघितलंही नाही.

"तुझ्या हाताला तो वास येतो," म्हणाली. "माझ्या खोलीत यायचं तर हात धुऊन यायचं. आणि ते ताट इकडे आण गं. मला भूक लागलीय."

त्या दिवशी आक्का रागानं जेवली. भात, डाळ, सगळं. मी खाली येऊन तो निळा गाऊन उसवायला घेतला.

पुढचे कित्येक महिने ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तो सांगितल्याप्रमाणे साबणानं कोपरापर्यंत हात धुऊन वर जायचा, औषधं द्यायचा, खाली यायचा. वहिनीनं आक्काचे पाय धरून माफी मागितली आणि तिला ती लगेच मिळाली. याला नाही. डॉक्टरांना त्यानं स्वतः जाऊन खरं सांगितलं. मग त्या आहाराच्या मुलीसमोर, शाळेत बसतात तसा हात मांडीवर ठेवून बसला. ती म्हणाली, टकल्याच्या वाटीभर फोडींत जवळजवळ एका केळ्याइतकं पोटॅशियम असतं. चांगल्या किडन्या जास्तीचं बाहेर टाकतात, आक्काच्या टाकू शकत नाहीत. दोन वाक्यांची गोष्ट होती. "मीच बोलू दिलं नाही," हे त्यानं मला एवढ्या वेळा सांगितलंय की शेवटी मी मशीन जोरात चालवते.

आरोळी त्यानं परत सुरू केली, पण आता तिला शेपूट आलंय. "टकलं घ्या, पाणीदार, क जीवनसत्त्वाचं! घरात किडनीचं दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मगच घ्या!" गिऱ्हाइकं बिचकतात. बेकरीवाला म्हणतो, असा विकणारा मी जन्मात बघितला नाही, आधी भीती घालतो, मग पिशवी देतो. धंदा थोडा बसला. हुंग्याला त्याचं काही वाटत नाही. पण हसणं मात्र त्याचं परत आलं नाही.

परवा दुपारी वरची खिडकी उघडली. कित्येक महिन्यांनी त्या खिडकीतून हाक आली.

"धाकट्या! वर ये. हात धुऊ नकोस."

मी टाका अर्धा सोडला. हुंग्या नळाकडे निघालाच होता, सवयीनं. तो तसाच वळला. मी त्याच्या मागोमाग मागच्या दारानं जाऊन जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहिले, आणि त्यात मला काडीची लाज वाटली नाही. वर खोलीचं दार उघडंच होतं. तो पलंगाशेजारी गुडघ्यावर बसला आणि आक्कानं त्याचा उजवा तळवा दोन्ही हातांत घेऊन नाकाशी नेला. डोळे मिटून हुंगला. बराच वेळ. मला वाटलं, रडते की काय.

"काकडीसारखा वास आहे," ती म्हणाली. "कच्चं होतं. कोणाला दिलंस?"

"पोस्टमनला."

"काय सांगितलंस त्याला?"

हुंग्याची मान खाली गेली. "दोन दिवस ठेवा, गोड होईल म्हणून."

"वेलीवरून तुटल्यावर ते गोड होतं का रे?"

"नाही."

"मग? आणखी एक खोटं?" आक्कानं त्याचा हात सोडला नाही. "जा. चांगलं बघून दुसरं घेऊन जा, त्याच्या दारात उभा राहा आणि तोंडानं सांग, मी खोटं बोललो. आत्ता. आणि येताना..." ती थांबली. तिनं तो हात पुन्हा एकदा नाकाशी धरला. "येताना माझ्यासाठी एक चांगलं कापून आण. खायला नको, मला नुसता वास घेऊ दे."

जिन्यावरून तो माझ्या अंगावरून धावतच खाली गेला. ढिगातली चार टकली हुंगून बाजूला सारली, पाचवं उराशी धरलं आणि दुकान उघडंच टाकून पोस्टमनच्या घराकडे सुटला. मी त्याच्या दुकानात जाऊन बसले, गिऱ्हाईक आलं तर असावं कोणी म्हणून.